मुलांची कोर्टे आणि सरकारी वकील

फौजदारी कोर्टाचे चित्र डोळ्यांपुढे आणले म्हणजे न्यायाधीश दिसतो, पिंजऱ्यातला आरोपी दिसतो आणि आरोपीच्या बाजूने भांडणारा वकील दिसतो. सरकारी वकील मात्र फारसा कुणाच्या ध्यानात राहत नाही. वास्तविक खटला भरावा की नाही, कोणत्या कलमाखाली भरावा आणि कोणत्या कोर्टात भरावा, हे जिथे त्याच्या हाती असते तिथे निम्मा निकाल कोर्ट भरण्याआधीच लागलेला असतो. मुलांच्या न्यायाचा इतिहास बहुधा दयाळू न्यायाधीशांच्या गोष्टींनी सांगितला जातो. आम्ही तो आज सरकारी वकिलाच्या खुर्चीकडे पाहत सांगणार आहोत. ही खुर्ची आधी कोर्टाबाहेर ठेवली गेली, मग आत आली आणि एके काळी न्यायाधीशाच्या खुर्चीहूनही उंच झाली.

आरंभ शिकागो शहरापासून करावा लागतो. तिथे १८९९ पूर्वी मुलांना मोठ्यांच्याच तुरुंगात डांबीत असत. जेन अ‍ॅडम्स, ज्युलिया लॅथ्रॉप, लूसी फ्लॉवर अशा स्त्रियांनी त्याविरुद्ध चळवळ केली आणि १८९९ च्या जुलैत तिथे मुलांचे स्वतंत्र कोर्ट सुरू झाले. या कोर्टाची पहिली प्रोबेशन ऑफिसर होती अल्झिना स्टीव्हन्स. कामगार चळवळीतल्या माणसांनी हे नाव लक्षात ठेवण्याजोगे आहे. तेराव्या वर्षी ती कापडगिरणीत लागली आणि तिथल्या यंत्राने तिच्या उजव्या हाताची तर्जनी नेली. पुढे ती छापखान्यात खिळे जुळवू लागली, संघटनेत आली, आणि १८९३ पासून इलिनॉय राज्याची दुय्यम कारखाना निरीक्षक म्हणून बालमजुरीविरुद्ध लढली. पोरांना कारखान्यातून सोडवणारी बाई पुढे त्यांना तुरुंगातून सोडवायला आली यात आम्हांला नवल वाटत नाही. पोटासाठी जुंपलेले मूल आणि चोरी करताना सापडलेले मूल ही पुष्कळदा एकाच चाळीतली असतात.

या नव्या कोर्टाची कल्पना अशी होती की, सरकार हे मुलाचे पालक. घरात बाप मुलाला विचारतो तेव्हा मध्ये वकील कशाला? म्हणून आरोपपत्र नको, उलटतपासणी नको, सरकारी वकील नको. न्यायाधीश आणि प्रोबेशन ऑफिसर मिळून मुलाचे हित पाहतील. हेतू शुद्ध होता आणि पंचवीस वर्षांत अमेरिकेच्या बहुतेक सर्व राज्यांनी ही पद्धत उचलली.

परंतु बापाच्या मायेने दिलेल्या अधिकाराचे काय होते, ते अ‍ॅरिझोना राज्यातील ग्लोब या खाणींच्या गावी १९६४ साली दिसले. गेराल्ड गॉल्ट हा १५ वर्षांचा मुलगा. टेलिफोनवरून आपल्याशी अश्लील बोलल्याची तक्रार एका शेजारणीने केली. ८ जूनला त्याला पकडून नेले तेव्हा आईबाप दोघेही कामावर होते, आणि घरी साधी चिठ्ठीसुद्धा ठेवली नाही. ज्या प्रोबेशन अधिकाऱ्याने कोर्टाकडे अर्ज केला, तोच मुलांच्या कोठडीगृहाचा प्रमुख होता. फिर्यादी बाई कोर्टात एकदाही आली नाही. तिला बोलवा असे आई म्हणाली, तर त्याची जरूर नाही असे उत्तर मिळाले. जबानी टिपून ठेवली गेली नाही. निकाल असा की, मुलगा २१ वर्षांचा होईपर्यंत सुधारशाळेत, म्हणजे सहा वर्षांपर्यंत. हाच गुन्हा मोठ्या माणसाने केला असता तर ५ ते ५० डॉलर दंड, किंवा फार तर दोन महिने कैद!

हा प्रकार कामगारांना परका वाटणार नाही. फिर्याद साहेबाची, चौकशी साहेबाच्या माणसाची आणि निकालही त्यांचाच, अशा चौकशा आम्ही पुष्कळ पाहिल्या आहेत. ‘आम्ही तुमच्या बापासारखे आहोत’ हे वाक्यही तिथे ऐकले आहे. संघटनेचे मागणे साधे असते: आरोप लेखी द्या, साक्षीदार समोर आणा, कामगाराबरोबर त्याचा माणूस बसू द्या. अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने १५ मे १९६७ रोजी गॉल्टच्या बाजूने निकाल दिला तेव्हा जवळजवळ हेच सांगितले. आरोपाची पूर्वसूचना, वकील, साक्षीदाराची उलटतपासणी आणि स्वतःविरुद्ध न बोलण्याचा हक्क मुलालाही आहे. आता मुलाच्या बाजूने वकील आला, म्हणून समोर सरकारचाही वकील आला. खुर्ची आत आली ती अशी, आणि तोवर ते योग्यच झाले. ज्याचे नुकसान झाले त्याची बाजूही कुणीतरी उघडपणे मांडली पाहिजे.

गॉल्टच्या आदल्याच वर्षी, १९६६ साली, केंट खटल्यात याच कोर्टाने आणखी एक नियम घातला होता. मुलाला मोठ्यांच्या कोर्टात पाठवायचे असेल तर न्यायाधीशाने आधी सुनावणी घ्यावी आणि कारणे नमूद करावीत. हा नियम न्यायाधीशाला लागू होता. सरकारी वकिलाने आपल्याच लेखणीने खटला थेट मोठ्यांच्या कोर्टात भरला तर? त्याला ना सुनावणी, ना कारण. कित्येक राज्यांनी हीच वाट धरली. १९९० नंतरच्या वर्षांत तरुणांच्या हिंसेची मोठी भीती पसरली होती, आणि त्या भीतीपोटी असे कायदे वाढले. वस्तुतः हिंसक गुन्ह्यांसाठी मुलांना होणाऱ्या अटकांनी १९९४ साली कळस गाठला आणि पुढे त्या उतरू लागल्या. तरीही मार्च २००० मध्ये कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी १४ वर्षांवरील मुलांबाबत, ठराविक गुन्ह्यांसाठी, हा अधिकार सरकारी वकिलाच्या हाती दिला. नोव्हेंबर २०१६ मध्ये त्याच राज्याच्या मतदारांनी तो काढून पुन्हा न्यायाधीशाकडे सोपवला. मधल्या काळात, २००७ साली, अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राच्या साहाय्याने काम करणाऱ्या तज्ज्ञमंडळाने उपलब्ध अभ्यास तपासून सांगितले होते की, मोठ्यांच्या कोर्टात पाठवलेली मुले एकंदरीत पुढे अधिकच हिंसक गुन्हे करतात. गुन्हा रोखण्यासाठी जी कडक वाट धरली, तीच गुन्ह्याकडे नेणारी ठरली.

मग सरकारी वकील मुलांचा वैरीच म्हणायचा काय? तसे नाही. जर्मनीत १९२३ साली मुलांच्या फौजदारी न्यायाचा कायदा झाला आणि १९५३ च्या कायद्याने त्याला आजची घडण दिली. तिथे मुलांचे खटले पाहणारा सरकारी वकील वेगळा असतो, आणि त्याला मुलांच्या शिक्षणाची जाण व अनुभव असावा असे कायदाच सांगतो. घरात, शाळेत किंवा समाजसेवकांकडून योग्य उपाय झाला असेल, तर तो खटला पुढे चालवीत नाही. ज्याचे नुकसान झाले त्याच्याशी समेट करण्याचा मुलाने प्रयत्न केला असेल, तर तोही जमेस धरला जातो. तेव्हा अधिकाराचे टोक कोणीकडे वळवले आहे, हे पाहिले पाहिजे.

आता आपल्याकडे. मुंबई इलाख्यात १९२४ साली मुलांचा कायदा झाला आणि १९२७ साली चिल्ड्रन्स एड सोसायटी स्थापन झाली. पुढे १९८६, २००० आणि २०१५ असे केंद्राचे कायदे आले. दिल्लीतील डिसेंबर २०१२ च्या भीषण प्रकारानंतर, १६ ते १८ वयाच्या मुलांना निर्घृण गुन्ह्यात प्रौढ मानावे अशी ओरड झाली. २०१५ च्या कायद्याने तशी वाट ठेवली, परंतु तिची किल्ली सरकारी वकिलाला दिली नाही. एक न्यायदंडाधिकारी आणि दोन समाजसेवक यांचे बाल न्याय मंडळ आधी मुलाची समज आणि गुन्ह्याची परिस्थिती तपासते, मानसशास्त्रज्ञांचे साहाय्य घेऊ शकते, आणि त्या आदेशावर अपील करता येते. किरकोळ प्रकारांत तर २०१६ च्या आदर्श नियमांप्रमाणे पोलिसांनी एफआयआर न नोंदवता ठाण्याच्या डायरीत नोंद करायची आणि मुलाच्या घरच्या परिस्थितीचा अहवाल द्यायचा आहे.

कायदा चांगला आहे, पण तो पाळला जातो की नाही हे पाहणारे डोळे हवेत. आमचे मागणे तीन गोष्टींचे आहे. मंडळापुढे उभा राहणारा सरकारी वकील मुलांच्या कामात तयार झालेला असावा. मुलाला प्रौढांच्या रांगेत ढकलावे असे त्याला वाटत असेल, तर त्याने कारणे लेखी द्यावीत, म्हणजे त्यांना लेखी उत्तर देता येईल. आणि मूल ताब्यात घेतल्याची खबर आईबापांना ते असतील तिथे, गिरणीत, बाजारात, बांधकामावर, त्याच दिवशी पोचवावी. आपल्या जिल्ह्यात हे घडते काय, याची चौकशी करायला वकिलीची सनद लागत नाही. संघटनांनी आणि नागरिकांनी ती जरूर करावी.