शुक्रवार, १७ सप्टेंबर १९४८ : दुधनेकाठचा एक दिवस

गावात शिरताना वहाणा हातात घ्या. भादव्यात परभणी जिल्ह्यातली काळी माती पाय धरून ठेवते. एका अंगाला दुधना फुगलेली आहे, दुसऱ्या अंगाला डोक्याच्या वर गेलेली ज्वारी आणि मधे मधे पात्या धरलेली कापसाची रानं. सेलू मागे राहिलं, मानवत अजून लांब आहे. वाटेत भेटलेल्या माणसाला गावाचं नाव विचारू नका. अनोळखी माणसाने काही विचारलं की या दिवसांत दारं लागतात.

आज तारीख कोणती, हे मात्र विचारता येईल, आणि उत्तर कोण देतो त्यावर ते बदलेल. चावडीतल्या दप्तरात फसली सन १३५७ चालू आहे. मशिदीत हिजरी १३६७, जिल्काद महिना, आणि आज जुम्मा. जोशीबुवांच्या पंचांगात शके १८७०, भाद्रपद शुद्ध चतुर्दशी, म्हणजे अनंत चतुर्दशी. पुढे शाळकरी पोरं ज्या तारखेला झेंड्यासमोर उभी राहणार आहेत, ती १७ सप्टेंबर सरहद्दीपलीकडून आलेल्या एखाद्या वर्तमानपत्राच्या तुकड्यावर तेवढी दिसेल. आज या गावाला ती तारीख ओळखीची नाही. आजच्या दिवसाला गाव अनंताचा दिवस म्हणून ओळखतं: चौदा गाठींचा दोरा, गणपतीची बोळवण, आणि मनात धाकधूक.

खिशातले पैसे तपासून घ्या. इथे हाली रुपया चालतो. तुमचा कलदार, म्हणजे इंग्रजांच्या मुलखातला रुपया, बघितला की दुकानदार आधी तुमच्याकडे बघेल. तिरंगा जवळ असेल तर आत्ताच गाडग्यात घालून पुरा. चावडीवर फडफडतोय तो आसफजाही पिवळा झेंडा आहे. देश स्वतंत्र होऊन तेरा महिने झाले, पण ते स्वातंत्र्य इंग्रजांच्या मुलखापुरतं होतं. निजाम मीर उस्मान अली खान यांनी हैदराबाद संस्थान वेगळं ठेवायचं ठरवलं. २९ नोव्हेंबर १९४७ ला दिल्लीशी वर्षभराचा ‘जैसे थे’ करार केला, आणि त्या कराराच्या आडोशाने लातूरचा वकील कासिम रझवी याची रझाकार संघटना गावोगाव फोफावली. लाल किल्ल्यावर आसफजाही झेंडा लावण्याच्या गोष्टी तो करत होता. खाकी कपड्यातल्या त्याच्या माणसांनी त्या गोष्टींपायी इथल्या गावांचं काय केलं, ते तुम्हाला पडक्या घरांवरून कळेल.

गल्लीतून सावकाश चाला. बऱ्याच दारांना कुलपं आहेत. घरची माणसं बैलगाड्या जुंपून वऱ्हाडात गेली आहेत, उमरखेडकडे, वाशीमकडे. तिथे सरहद्दीवर स्टेट काँग्रेसचे कॅम्प आहेत. पोरं तिथून रात्री आत येतात, करोडगिरीचे नाके आणि पोलीस ठाणी गाठतात, उजाडायच्या आत परत जातात. जी परत जात नाहीत त्यांची नावं आज मोठ्याने घेता येत नाहीत. वसमतजवळच्या वापटीचे बहिर्जी शिंदे अशाच लढाईत कामी आले. वसमतच्या महाविद्यालयाला पुढे त्यांचं नाव मिळेल. वसमत आज परभणी जिल्ह्यातच आहे. हिंगोली, कळमनुरी, परतूर हेही याच जिल्ह्यात. नकाशा डोक्यातून काढून टाका, तुमच्या काळातल्या जिल्ह्याच्या रेषा अजून ओढलेल्या नाहीत.

परतूरचं नाव निघालंच आहे तर एक गोष्ट सांगायलाच हवी. या दिवसाची सुरुवात दिल्लीत शोधणारे पुष्कळ आहेत. मला ती परतूरला दिसते. १९३७ साली तिथे महाराष्ट्र परिषदेचं पहिलं अधिवेशन भरलं, गोविंदराव नानल अध्यक्ष होते. राजकीय सभेला परवानगी नसलेल्या मुलखात, भाषेच्या आणि शिक्षणाच्या नावाने, माणसं एका मांडवाखाली बसली. पुढच्याच वर्षी स्टेट काँग्रेस निघाली आणि लगेच तिच्यावर बंदी आली. अंबाजोगाईच्या योगेश्वरी शाळेतले मुख्याध्यापक शाळा सोडून चळवळीत उतरले, ते स्वामी रामानंद तीर्थ. फौज पाठवण्याचा निर्णय सरदार पटेलांचा. पण फौज आत आली तेव्हा तिला वाट दाखवायला माणसं उभी होती, ती या अकरा वर्षांत तयार झाली होती. ते श्रेय परभणीने कुणाला देऊन टाकू नये.

दुपार झाली. देशमुखांच्या वाड्यात चला, तुमच्यासाठी ताट वाढलंय: ज्वारीची भाकरी, येसराची आमटी, अंबाडीची भाजी, आणि सण म्हणून थोडी पुरणपोळी. ओसरीच्या आतल्या खोलीत, गोधडीखाली, बॅटरीवर चालणारा रेडिओ झाकून ठेवलाय. सोमवारपासून, म्हणजे तेरा तारखेपासून, हिंदी फौजा संस्थानात शिरल्या आहेत. त्याच दिवशी सोलापूरकडच्या मुख्य फौजेने नळदुर्ग घेतलं. त्यानंतर औरंगाबाद पडलं, जालना पडलं. निजामाचा दक्कन रेडिओ मात्र वेगळंच सांगत राहिला. म्हणून वाड्यातली माणसं दोन्ही ऐकतात, मुंबईही आणि हैदराबादही, आणि दोन्हींच्या मधे खरं काय असेल ते तंबाखू मळत ठरवतात.

“बापू, नक्की का?” कुणीतरी पाचव्यांदा विचारतं.

“थांब की जरा. ऐकू दे.”

ती माणसं थांबली आहेत तोवर इतर ठिकाणी काय चाललंय ते तुम्हाला ठाऊक आहे, त्यांना नाही. हैदराबादेत सकाळीच पंतप्रधान मीर लायक अली आणि सगळ्या मंत्र्यांनी राजीनामे दिलेत. निजामाने चार वाजता भारताचे प्रतिनिधी कन्हैयालाल मुन्शी यांना बोलावणं धाडलंय. पॅरिसमध्ये कालच सुरक्षा परिषदेत हैदराबादचा प्रश्न निघाला. निजामाचं शिष्टमंडळ तिथे दाद मागायला बसलंय. आणि आजच्याच दिवशी जेरुसलेममध्ये संयुक्त राष्ट्रांचे मध्यस्थ काउंट बर्नाडोट यांना गोळ्या घालून ठार मारण्यात येतंय. एका तारखेला जग किती ठिकाणी फाटत असतं! त्या दिवशीच्या जगाच्या बातम्यांत दुधनेकाठच्या या गावाला जागा नव्हती. पण या गावाच्या दृष्टीने एवढी मोठी बातमी पुन्हा शंभर वर्षांत यायची नाही.

दिवस कलतो. गणपती पाटावर ठेवून चार पोरं नदीकडे निघतात. मिरवणूक नाही, ताशा नाही. “मोरया” तोंडातल्या तोंडात म्हणतात. तुम्ही मागून चला. पाण्यात मूर्ती सोडून पोरं वर येतात आणि तेवढ्यात वाड्याकडून कुणीतरी पळत येतं, धोतराचा सोगा हातात धरून.

निजामाने रेडिओवर सांगितलं. लढाई थांबवली. रझाकारांवर बंदी. हिंदी फौजेला अडवू नका. तुरुंगातल्या स्वामीजींना सोडायचा हुकूम झाला.

जल्लोष लगेच होत नाही. ते बघण्यासाठीच तुम्हाला इथे आणलंय. माणसं आधी एकमेकांच्या तोंडाकडे बघतात. फसवणूक असेल का? उद्या पुन्हा खाकीवाले आले तर? वाड्यातल्या म्हाताऱ्या आजी उंबऱ्यात येऊन एवढंच विचारतात, “माय, मग लेकरं येतील का वऱ्हाडातून?” त्यांच्या प्रश्नाला कुणीतरी “येतील, आजी” म्हणतं, आणि तेव्हा कुठे पहिला हुंदका फुटतो. मग हसणं, मग ओरडणं. पुरलेलं गाडगं खोदून बाहेर येतं. ओल्या मातीचा वास लागलेला तिरंगा काठीला बांधला जातो, आणि इतका वेळ गप्प असलेली पोरं नदीवर म्हणायची राहिलेली “मोरया” आता वाड्याच्या दारात म्हणतात.

उद्या, शनिवारी, हैदराबादच्या बाहेर मेजर जनरल एल एद्रूस मेजर जनरल जयंत चौधरी यांच्यापुढे शरण येतील. पुस्तकांत त्याचं छायाचित्र छापलं जाईल. बहुतेक प्रवासी तो फोटो बघून परत फिरतात.

तुम्ही फिरू नका. रात्र इथेच काढा, आणि गावाच्या त्या टोकाला जा जिथे आज दिवे लागलेले नाहीत. मशिदीच्या मागच्या आळीत विणकर राहतात, एक पिंजारी राहतो, शाळेत उर्दू शिकवणारे मास्तर राहतात. यांतल्या कुणी रझाकारांत नाव घातलं असेल, बहुतेकांनी नाही. ऑगस्टमध्ये हैदराबादेत शोएबुल्ला खान या संपादकाचा खून झाला, का तर त्याने ‘इमरोज’मधून भारतात सामील व्हा असं लिहिलं म्हणून. मारला गेलेला मुसलमान होता, मारणारे रझाकार. पण येत्या आठवड्यांत सूड उगवायला निघालेली माणसं असा हिशेब करत बसणार नाहीत. मास्तरांच्या दारावर टकटक करू नका, आतले लोक घाबरतील. नुसते बाहेर बसा.

पुढे नेहरूंनी पंडित सुंदरलाल आणि काझी अब्दुल गफ्फार यांना संस्थानात पाठवलं. पोलीस अ‍ॅक्शनच्या, म्हणजे या फौजी कारवाईच्या, काळात आणि नंतर २७ ते ४० हजार माणसं मारली गेली, असा त्यांचा अंदाज होता. उस्मानाबाद, गुलबर्गा, बिदर आणि नांदेड हे सर्वांत होरपळलेले जिल्हे. तो अहवाल कित्येक दशकं लोकांपुढे आला नाही. त्याच अहवालात एक नोंद आहे, ती मला सोडता येत नाही: हिंदू विणकरांनी मुसलमान विणकरांचा जीव वाचवला, काही ठिकाणी स्वतःचे प्राण देऊन. एका मागाला लागून दुसरा माग, एकाच बाजारात दोघांचं सूत. आमच्या मराठवाड्यात हा दिवस मुक्तिदिन आहे आणि तो मुक्तिदिनच आहे, रझाकारी ज्यांनी भोगली त्यांना दुसरं कुणी काही शिकवू नये. पण त्या आळीत तेव्हा जे झालं तेही याच दिवसाच्या पोटात आहे. परभणीतल्या राजगोपालाचारी उद्यानात दर १७ सप्टेंबरला झेंडावंदन होतं तेव्हा हुतात्म्यांची आठवण निघते. त्या विणकरांचीही निघावी, असं मला फार वाटतं. ती माणसं आपली होती, दोन्हीकडची.

आता थोडं पुढे सरका, भराभर. १९४९ चा ऑगस्ट: जहागिरी रद्द झाल्या, वाड्यासमोर सारा कुणाकडे भरायचा याची चर्चा चाललीय. १९५० चा जानेवारी: देश प्रजासत्ताक झाला आणि हैदराबाद राज्याचे राजप्रमुख म्हणून शपथ घेतली ती मीर उस्मान अली खान यांनीच. रझाकारीत घर जळालेल्या माणसाने ती बातमी कशी वाचली असेल, याचा जरा विचार करा. १९५२ : मतदान. संस्थानात ज्यांना सभा घ्यायची मुभा नव्हती ते रांगेत उभे आहेत, लुगड्याचा पदर डोक्यावर घेतलेल्या बायाही. परभणीने लोकसभेवर काँग्रेसचा माणूस पाठवला नाही, शेतकरी कामगार पक्षाचे नारायणराव वाघमारे पाठवले. मोकळं झालेल्या माणसांनी पहिल्या झटक्यात आपलं वेगळं मत नोंदवलं, याचं मला कौतुक वाटतं.

आणि शेवटी १ नोव्हेंबर १९५६, गुरुवार. हैदराबाद राज्य उरलं नाही, राजप्रमुखपदही उरलं नाही. मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात गेला. त्या दिवशी परभणीच्या कचेरीत अर्ज लिहायला आलेला शेतकरी कुठल्या तारखेने अर्ज लिहितो ते वाकून बघा. त्याच्या बापाने फसली सन घातलं असतं. हा इंग्रजी तारीख घालतो, मराठीत, आणि खाली सही करतो.