नवा संगणक, जुने भाडेकरू

गेल्या दिवाळीत सलमानियातल्या आमच्या इमारतीतील एका काकांनी नवा लॅपटॉप घेतला. काकूंनी त्याला हळदकुंकू वाहिले आणि दुसऱ्याच दिवशी मला बोलावणे आले, "अरे, जरा बघ रे. चालू केला की हा पैसेच मागतो!" मी संगणक सल्लागार, परदेशात एम.एस. केलेला, पण शेजारी माझ्या शिक्षणाचा खरा उपयोग असाच होतो. अँटीव्हायरसची फुकट मुदत संपत आल्याची पाटी पडद्यावर झळकत होती. काका त्याच यंत्रावरून भारतातल्या बँकेचे व्यवहार करणार होते, त्यामुळे घाबरून क्रेडिट कार्ड हातात घेऊन बसले होते.

मंडळी, न मागता घुसलेल्या या भाडेकरूंचा इतिहास जुना आहे. संगणक बनवणाऱ्याला एका यंत्रामागे नफा थोडाच सुटतो. म्हणून इतर कंपन्यांकडून पैसे घेऊन त्यांचे प्रोग्रॅम आधीच भरून देण्याची प्रथा पडली. काही वेळा तर खुद्द उत्पादकाचेही हात बांधलेले असत. विंडोजच्या पडद्यावरचे इंटरनेट एक्स्प्लोररचे चिन्ह काढायची त्यांना मुभा नव्हती. १९९८ साली अमेरिकी सरकारने मायक्रोसॉफ्टवर जो खटला भरला, त्यात हाही एक मुद्दा होता. २००० साली कंपनीचे दोन तुकडे करण्याचा हुकूम झाला; २००१ मध्ये अपील न्यायालयाने तो रद्द केला, पण मक्तेदारी टिकवण्यासाठी गैरमार्ग वापरल्याचा ठपका कायम ठेवला.

२००८ साली तर गंमतच झाली. सोनीने काही लॅपटॉप 'स्वच्छ' करून देण्यासाठी सुमारे ५० डॉलर जादा मागितले! ओरड होताच ती सोय फुकट झाली.

पुढे मात्र गंमत उरली नाही. २०१४-१५ मध्ये लेनोव्होच्या काही लॅपटॉपमध्ये 'सुपरफिश' नावाचा जाहिराती दाखवणारा प्रोग्रॅम होता. सुरक्षित संकेतस्थळांच्या पानांतही जाहिराती घुसवता याव्यात म्हणून त्याने स्वतःचे बनावट ओळखपत्र यंत्रात बसवले होते. सगळ्या यंत्रांची किल्ली एकच, आणि तीही लवकरच फुटली. म्हणजे बँकेचा व्यवहारसुद्धा चोराला वाचता आला असता. नुसता प्रोग्रॅम काढून भागत नसे; ओळखपत्र मागे राहायचे.

भारतात स्पर्धा आयोगाने ऑक्टोबर २०२२ मध्ये गुगलला १,३३७.७६ कोटी रुपये दंड केला. फोनमध्ये आधीच भरलेली अॅप्स काढू द्या, असेही बजावले. २०२३ मध्ये अपील न्यायाधिकरणाने दंड कायम ठेवला, पण अॅप्स काढू देण्याचा आदेश मात्र रद्द केला. युरोपात २०२४ पासून कायद्यानेच ती मुभा आहे.

"म्हणजे पैसे माझे आणि घर दुसऱ्याचे?" काकांनी विचारले. मुंबईत पागडीच्या घरात वाढलेला माणूस, त्यांना लगेच कळले.

चहा होईपर्यंत काम उरकले. सेटिंग्जमधील अॅप्सची यादी उघडली. अँटीव्हायरस काढताच विंडोजचा स्वतःचा पहारेकरी कामाला लागला. फुकट मुदतीचे प्रोग्रॅम आणि खेळ काढले. ड्रायव्हर आणि अनोळखी नावांना मात्र हात लावला नाही. आधी चौकशी, मग हकालपट्टी. शेवटी यंत्र बंद करून पुन्हा चालू केले.

काकांनी क्रेडिट कार्ड पाकिटात परत ठेवले. तेव्हा वाचकहो, नवा संगणक घ्याल तेव्हा पूजा अवश्य करा. पण बँकेचे पान उघडण्याआधी घरात कोण कोण राहते, तेवढे एकदा बघून घ्या.