उराकामीची घंटा



महोत्सवानिमित्त इतिहास लिहावयाचा म्हटलें म्हणजे देवळाचा पाया कोणी घातला, वेदी केव्हां उभी राहिली, घंटा कोणी अर्पण केली, हें सांगण्याची रीत आहे. तो वृत्तान्त या पुस्तिकेंत अन्यत्र आलाच आहे. मला येथें एका दूरच्या धर्मग्रामाची हकीकत सांगावयाची आहे. तो धर्मग्राम आपणांस अगदींच परका नाहीं. जपान देशांत, नागासाकीच्या निशिझाका टेकडीवर, ५ फेब्रुवारी १५९७ रोजीं जे सव्वीस जण क्रुसावर मारले गेले, त्यांत आपल्या वसईचा गोन्सालो गार्सिया हा फ्रान्सिस्कन बंधु होता. ८ जून १८६२ रोजीं पोप नववे पायस यांनीं या सव्वीस जणांस संतपद दिलें. त्यांच्याच नांवानें पुढें नागासाकीस ओउरा येथें फ्रेंच धर्मगुरूंनीं देऊळ बांधलें, आणि १७ मार्च १८६५ रोजीं त्या देवळाच्या दारांत जवळच्या उराकामी गांवचीं सुमारें पंधरा माणसें येऊन उभीं राहिलीं.

फादर पतीजाँ यांनीं त्यांना आंत घेतलें. एका स्त्रीनें जवळ येऊन हलक्या आवाजांत सांगितलें कीं, आम्हां सर्वांचें हृदय तुमच्यासारखेंच आहे. मग तिनें पवित्र मरियेची मूर्ति कोठें आहे तें विचारलें. आपण सध्यां दुःखाच्या ऋतूच्या सतराव्या दिवसांत आहों, असेंही त्या मंडळींनीं सांगितलें. त्या वर्षीं राखेचा बुधवार १ मार्चला होता. दिवस मोजून पाहा! दोनशेंहून अधिक वर्षें ज्यांनीं धर्मगुरूचें तोंड पाहिलें नव्हतें, त्यांचा उपासकाळाचा हिशेब एका दिवसानेंही चुकला नव्हता.

हें कसें साधलें? गांवांत एक जण पंचांग सांभाळी, दुसरा बाप्तिस्मा देई, आणि हीं कामें बापाकडून मुलाकडे जात. दरसाल सरकारी हुकुमानें नागासाकीच्या लोकांस प्रभूच्या अथवा देवमातेच्या प्रतिमेवर पाय ठेवावा लागे. हे लोक पाय ठेवीत, आणि घरीं येऊन पश्चात्तापाची प्रार्थना म्हणत. तिला ते 'कोंचिरिसान' म्हणत. हा शब्द मूळचा पोर्तुगीज. कोणी याला दुबळेपणा म्हणेल. मला तसें म्हणवत नाहीं. पापनिवेदन ऐकावयास कोणी नसतां पश्चात्ताप पिढ्यान्‌पिढ्या जिवंत ठेवणें ही सामान्य गोष्ट नव्हे.

परंतु सर्वांत मोठी अडचण मरणाची होती. मयत झाली कीं बौद्ध भिक्षूस बोलावून त्याच्या विधीनें उत्तरक्रिया करणें सक्तीचें होतें. फादर भेटल्यानंतर उराकामीच्या लोकांस हें असह्य झालें. १८६७ सालीं कांहीं कुटुंबांनीं भिक्षूस न बोलावितां आपलीं प्रेतें पुरलीं, आणि त्यावरूनच छळाला तोंड फुटलें. जुलै महिन्यांत धरपकड झाली. पुढें सुमारें ३,४०० माणसें, तान्ह्या मुलांसुद्धां, देशभर हद्दपार करण्यांत आलीं. सहाशेंहून अधिक परत आलीं नाहींत. १८७३ सालीं बंदी उठली व उरलेले लोक घरीं आले. त्या हद्दपारीला ते 'प्रवास' म्हणतात. जेथें प्रतिमा तुडवावी लागे, ती गांवच्या मुखियाच्या घराची जागा त्यांनीं विकत घेतली, १८९५ सालीं तेथें देवळाचा आरंभ केला आणि १९१४ सालीं तें पवित्र केलें.

एकतीस वर्षांनीं, ९ ऑगस्ट १९४५ रोजीं, सकाळीं ११ वाजून २ मिनिटांनीं, त्या देवळापासून सुमारें अर्ध्या किलोमीटरवर अमेरिकेचा अणुबाँब फुटला. स्वर्गोन्नयनाचा सण जवळ आला होता. आंत दोन धर्मगुरू पापनिवेदन ऐकत होते व लोक आपल्या पाळीची वाट पाहत होते. त्यांतील कोणीही वांचलें नाहीं. धर्मग्रामांत सुमारें १२,००० माणसें होतीं. त्यांतील सुमारें ८,५०० गेलीं.

त्याच गांवीं डॉक्टर ताकाशी नागाई राहत. क्ष-किरणांच्या कामांत त्यांना रक्ताचा दुर्धर रोग जडला होता. त्यांची पत्नी मिदोरी ही पंचांग सांभाळणाऱ्यांच्या घराण्यांतली. डॉक्टर घराच्या जागीं आले तेव्हां त्यांना राखेंत तिचीं जळलेलीं हाडें आणि जवळ वितळलेली जपमाळ सांपडली. दोन मुलें आजीकडे गेलीं होतीं म्हणून वांचलीं. सैन्यांतून परतलेला एक शेजारी त्यांच्याकडे आला. त्याची बायको व पांच मुलें गेलीं होतीं, आणि लोक त्याला सांगत होते कीं ही देवाची शिक्षा आहे. २३ नोव्हेंबर रोजीं भग्न देवळाजवळ मृतांसाठीं मिस्सा झाली. तेथें नागाई यांनीं भाषण केलें: हे लोक शिक्षा म्हणून मेले नाहींत, युद्ध थांबावें म्हणून निष्कलंक कोंकराप्रमाणें त्यांचें होमार्पण झालें.

या भाषणानें पुष्कळांचे अश्रू पुसले, आणि कित्येकांस तें मुळींच पटलें नाहीं. माझें मत सांगतों. स्वतःच्या पत्नीची राख हातांनीं गोळा केलेल्या माणसाला असें म्हणण्याचा अधिकार होता. पण तेंच वाक्य उचलून आपण दुसऱ्याच्या मयतीच्या घरीं सांगावें, हें बरें नव्हे. बाँब माणसांनीं बनविला, माणसांनीं टाकला. देवानें तो मागितला नव्हता. पोप दुसरे जॉन पॉल यांनीं २५ फेब्रुवारी १९८१ रोजीं हिरोशिमा येथें स्पष्ट सांगितलें कीं युद्ध हें मनुष्याचेंच कर्म आहे, आणि तें ऐकून उराकामीच्या अनेक वृद्धांच्या मनावरचें ओझें उतरलें. मी स्वतः तरुण मुलाच्या मयतीस गेलों म्हणजे 'देवाला तो आवडला म्हणून नेला' असें म्हणत नाहीं. जपमाळ काढतों व घरच्यांबरोबर बसतों.

नागाईंनींही पुढें तेंच केलें. दोन चटयांएवढ्या झोंपडींत अंथरुणावर पडून त्यांनीं लिहिलें, भेटीस येणाऱ्यांस धीर दिला, मुलें सांभाळलीं. १ मे १९५१ रोजीं ते वारले.

देवळाच्या दोन घंटांपैकीं धाकटी फुटून गेली होती. थोरली मात्र ढिगाऱ्याखालीं अभंग सांपडली. लोकांनीं ती उकरून काढली, लांकडांवर टांगली, आणि १९४५ च्या नाताळच्या पूर्वरात्रीं वाजविली. नवें देऊळ १९५९ सालीं उभें राहिलें, पण दुसरा मनोरा घंटेविना राहिला. अखेर अमेरिकेंतील कॅथलिकांनीं वर्गणी जमवून नवी घंटा धाडली. ९ ऑगस्ट २०२५ रोजीं, ११ वाजून २ मिनिटांनीं, ऐंशीं वर्षांनंतर प्रथमच उराकामीच्या दोन्ही घंटा एकत्र वाजल्या.