कंपनीची मालमत्ता कुठल्या मुलखात? वार्षिक अहवालात असं बघा

ट्रॅक्टर दारात असतो, पण तो बनवणाऱ्या कंपनीच्या जमिनी, शेड, मशीन कुठे आहेत हे फारसं कुणी बघत नाही. आता गावोगावी तरुण मोबाईलवर शेअर घेतात, त्यांना तरी हे माहीत पाहिजे.

महिंद्रा अँड महिंद्राचं उदाहरण घेऊ. १९४५ साली लुधियानात सुरू झालेली ही कंपनी. १९६३ पासून ट्रॅक्टरच्या धंद्यात. मुंबई उपनगरात बोरिवलीच्या अलीकडे कांदिवली पूर्वेला आकुर्ली रस्त्यावर तिचा जुना कारखाना आहे. ट्रॅक्टरचे कारखाने नागपूर, रुद्रपूर, जयपूर, झहीराबाद इथेही आहेत. स्वराज ट्रॅक्टर मोहालीत बनतो. गाड्यांसाठी नाशिक आणि चाकण, इंजिनसाठी इगतपुरी. परदेशात अमेरिकेत १९९४ पासून व्यवसाय, तर तुर्कस्तानातली एर्कुंट ही ट्रॅक्टर कंपनी २०१७ साली घेतली.

अहवालात काय दिसतं?

हिशेबाच्या 'इंड एएस १०८' या नियमाप्रमाणे कंपनीला दीर्घकालीन मालमत्ता देशात किती आणि देशाबाहेर किती, हे सांगावं लागतं. एखाद्याच देशात मोठी रक्कम असेल तर त्या देशाचा आकडा वेगळा द्यावा लागतो. जिल्हावार, तालुकावार आकडा देण्याची सक्ती नाही. म्हणून कांदिवली आणि नागपूर दोन्ही 'भारत' याच ओळीत येतात.

काय धरतात, काय नाही?

जमीन, इमारती, यंत्रं धरतात. दुसऱ्या कंपन्यांचे शेअर, ठेवी अशी आर्थिक गुंतवणूक या तक्त्यात येत नाही.

इथेच फसगत होते

पहिली गोष्ट, जमिनीची रक्कम बहुतेक वेळा खरेदीच्या भावाने लिहिलेली असते. आजोबांनी घेतलेल्या रानाचं जुनं खरेदीखत काढलं तर त्यात आजचा भाव सापडत नाही, तसंच हे. यंत्र-इमारतींचा दरवर्षी घसारा वजा होतो, मालकीच्या जमिनीचा होत नाही. एमआयडीसीचा प्लॉट साधारण ९५ वर्षांच्या भाडेपट्ट्याने मिळतो, त्याची किंमत मुदतीप्रमाणे उतरत जाते.

दुसरी गोष्ट, विक्रीचा तक्ता वेगळा असतो. भारतात बनलेला ट्रॅक्टर अमेरिकेत विकला तर विक्री सहसा परदेशात मोजतात, पण कारखाना भारताच्याच ओळीत राहतो.

कुठे बघायचं?

वार्षिक अहवाल कंपनीच्या आणि शेअर बाजाराच्या संकेतस्थळावर फुकट मिळतो. त्यात उपकंपन्या धरून केलेला 'एकत्रित' ताळेबंद उघडा आणि टिपांमध्ये विभागवार माहिती शोधा. ३१ मार्चचे दोन वर्षांचे आकडे शेजारी-शेजारी असतात. परदेशाचा आकडा वाढला की घटला, हे लगेच कळतं.

'कंपनीकडे मुंबईत सोन्यासारखी जागा आहे, शेअर घ्या' असा मेसेज आला, तर पैसे घालण्याआधी एवढं पान वाचाच.