'गेल्या वेळेसारखंच' : शहापुरातल्या एका छपाईखान्याचे आल्बम

उद्यमबागेतल्या एका कारखान्यात मी 1992 साली नोकरीला लागलो. आमच्या प्रत्येक पंपावर ॲल्युमिनियमची नेमप्लेट लागे, आणि त्या प्लेटा शहापुरातल्या एका छोट्या छपाईखान्यात स्क्रीन प्रिंटिंगनं छापून येत. मालकांना सगळे मामा म्हणत. गेल्या वर्षी छपाईखाना बंद झाला. मामांच्या मुलानं तीन आल्बम आणि एक वही माझ्याकडे आणून दिली. "रद्दीत घालणार होतो, तुम्ही बघा की एकदा," म्हणाला.

आल्बम कशासाठी, हे कळायला कामाची रीत माहीत हवी. लाकडी फ्रेमवर ताणलेल्या कापडावर प्रकाशानं कडक होणारं इमल्शन लावायचं, वर फिल्म ठेवून उजेड द्यायचा, मग पाण्यानं धुवायचं. फिल्मच्या काळ्या अक्षरांखाली उजेड पोचत नाही, तेवढंच इमल्शन निघून जातं आणि त्या जागेतून रबरी स्क्वीजीनं शाई खाली उतरते. पण कापड आणि फ्रेम महाग. काम संपलं की इमल्शन उतरवून तीच फ्रेम दुसऱ्या गिऱ्हाइकाला. म्हणजे छपाईचा साचा उरतच नाही. सहा महिन्यांनी गिऱ्हाईक येतं आणि म्हणतं, "गेल्या वेळेसारखंच." आता गेल्या वेळी काय होतं, ते दाखवायचं कशावरून?

मामा प्रत्येक कामाचा फोटो काढत, शेजारी स्टीलची पट्टी ठेवून. त्यामुळे कडेपासून अक्षर किती आत, हे आजही मोजता येतं. पाठीमागे तारीख, कापडाचा नंबर आणि शाईचं प्रमाण: निळा 8, पांढरा 2, काळा चिमूटभर. रंगासाठी मात्र फोटोवर त्यांचा भरवसा नव्हता. छापलेल्या पत्र्याचा तुकडा कापून ते वहीत चिकटवत आणि वही कपाटात बंद. फोटोची एक प्रत गिऱ्हाइकालाही देत.

आमच्या ऑफिसात ती प्रत खिडकीजवळच्या बोर्डावर 1989 पासून लावलेली होती. 1993 साली 500 प्लेटांचा लॉट आला. मी फोटोशेजारी प्लेट धरली, निळा जुळेना, लॉट परत पाठवला. मामा एवढंच म्हणाले, "साहेब, वही बघून जावा की." मी गेलो नाही. पदवी नवी होती, काय सांगू.

रंगीत फोटोतले रंग उन्हात सारख्या वेगानं उडत नाहीत, एक आधी जातो आणि सगळ्या चित्राचाच तोल बिघडतो, हे मला फार नंतर समजलं. वहीत 1989 चा तुकडा आहे, 1993 चाही आहे. दोन्ही अंगणात उन्हात धरून पाहिले, मग ट्यूबलाइटखाली. निळा एकच.

आता इतिहासाच्या कामाचं. आल्बमात बऱ्याच प्लेटांवर आणि लेटरहेडांवर गावाचं नाव आहे. 1 नोव्हेंबर 2014 पासून अधिकृत नाव बेळगावी झालं, म्हणून तारीख नसलेले फोटो नावावरून लावता येतील असं मला वाटलं होतं. अर्धंच खरं. 'बेळगावी' असलेली प्लेट साधारण त्यानंतरची धरता येते, पण 'बेळगाव' असलेली प्लेट आधीचीच असेल असं नाही. 2016 ची तारीख पाठीवर असलेल्या एका लेटरहेडवर 'बेळगाव'च आहे. सीमाभागातला वाचक म्हणेल, हा मराठी माणसाचा बाणा. असेलही. पण पाठीमागे मामांच्या अक्षरात लिहिलंय: 'जुनीच फिल्म, गेल्या वेळेसारखं.' नवी फिल्म काढायचा खर्च वाचवला असणंही तितकंच शक्य आहे. नुसत्या नावावरून मी आता भावना वाचत नाही.

परत गेलेल्या त्या लॉटचा फोटोही दुसऱ्या आल्बमात सापडला. शाईचं प्रमाण 8, 2 आणि चिमूटभर, कापड तेच. खाली पेन्सिलीनं एक शब्द: 'परत'. पुढच्या पानावर आमच्याच प्लेटांचा दुसरा लॉट आहे, आठ दिवसांनंतरचा. त्यात निळ्याचं प्रमाण बदललेलं आहे.