वडाला ‘बॅनियन’ नाव कुठे पडले?

गावोगावचे वाणी वडाच्या सावलीत दुकान मांडून बसत, म्हणून इंग्रजांनी वडाला ‘बॅनियन’ म्हटले, असे नेहमी सांगितले जाते. यातला अर्धा भाग खरा आहे. शब्दाचे मूळ गुजराती ‘वाणियो’ आणि त्याही मागे संस्कृत ‘वणिज्’. सावलीची गोष्ट मात्र टिकत नाही.

१६२३ साली इटालियन प्रवासी पिएत्रो देल्ला व्हाल्ले सुरतेत आला. शहराबाहेरच्या एका भल्यामोठ्या, पूजल्या जाणाऱ्या वडाचे त्याने वर्णन केले आहे. हेच झाड आपण इराणच्या किनाऱ्यावर होर्मुझजवळ पाहिले. तिथे त्याला ‘लुल’ म्हणतात आणि इथे ‘बेर’, असे तो लिहितो. हा ‘बेर’ म्हणजे बड, अर्थात वडच. सुरत तर वाण्यांचेच शहर. नाव सावलीतल्या दुकानांवरून पडले असते, तर ते तिथे सर्वांआधी कानी यायला हवे होते.

यूल आणि बर्नेल यांचा १८८६ चा ‘हॉब्सन-जॉब्सन’ कोश वेगळे ठिकाण दाखवतो. इराणी आखातावरच्या गोंब्रूनजवळ, म्हणजे आजच्या बंदर अब्बासपाशी, तिथे स्थायिक झालेल्या हिंदू व्यापाऱ्यांनी एका वडाखाली लहानसे देऊळ बांधले होते. परदेशी प्रवाशांनी त्या एका झाडाला बनियांचे झाड म्हटले आणि पुढे ते नाव साऱ्या वडांना लागले. हे पटण्याजोगे आहे: वाणी जिथे परका, तिथेच त्याच्यावरून झाड ओळखले जाते.

उच्चारही समुद्राकडेच बोट दाखवतो. ‘वा-णि-यो’मध्ये नसलेला शेवटचा ‘न’ पोर्तुगीजांनी जोडलेला असावा. वसईचे ‘बसीन’ झाले ते याच वळणाने. बार्बोसा या पोर्तुगीजाने १५१६ च्या सुमारास वाण्यांची नोंद शेवटी ‘न’ असलेल्या याच नावाने केली; इंग्रजांची सुरतेची वखार त्यानंतर सुमारे शतकाने, १६१३ च्या आसपास आली. आजच्या इंग्रजीत ‘बॅन-यन’ असे दोनच अवयव उच्चारतात आणि आघात पहिल्यावर देतात. त्याच शब्दावरून आलेल्या, आपण अंगात घालतो त्या ‘ब-नि-यन’ने मात्र तिन्ही राखले आहेत.

सुरतेने या शब्दाला आणखी एक अर्थ दिला. १६९० मध्ये तिथे आलेला पाद्री ओव्हिंग्टन सांगतो की, मांसाविना खिचडीवर काढाव्या लागणाऱ्या दिवसांना युरोपीय खलाशी ‘बनियन दिवस’ म्हणत.

पारावरच्या दुकानदाराचे चित्र या व्यापाऱ्यांना गावच्या वेशीत कोंडते. शब्दाचा खरा इतिहास मात्र समुद्रापलीकडे वस्ती करून देऊळ उभारणाऱ्या माणसांची साक्ष देतो, आणि तोच सांगितला गेला पाहिजे.