आंबोण, मोह आणि मद्यार्क

'आंबोण' हा शब्द आमच्या वर्गातील बहुसंख्य विद्यार्थ्यांना आता समजावून सांगावा लागतो. दुभत्या जनावरापुढे ठेवलेली भिजवलेली सरकी, पेंड, भरडा. 'आंबणे' या क्रियापदाशी त्याचे नाते उघड दिसते. आणि मद्यही आंबवण्यातूनच होते. गोठा आणि भट्टी यांची ही सोयरीक भाषेला केव्हाच ठाऊक होती.

येरवड्याच्या डेक्कन कॉलेजकडून होळकर पूल ओलांडला की खडकी येते. एकोणिसाव्या शतकात मीकिन यांच्या बिअर कारखान्यांपैकी एक या छावणीत होता. सातूचा अर्क काढल्यावर उरणारा ओला चोथा आपल्या उन्हाळ्यात फार टिकत नाही. तो जवळच्याच गुरांना घालावा लागतो. स्कॉटलंडमध्ये व्हिस्कीच्या या चोथ्याला 'ड्राफ' म्हणतात. ऊर्ध्वपातनानंतर उरलेले पाणी आटवून त्यात मिसळतात आणि वाळवून त्याचा खुराक करतात.

आपल्याकडे मात्र गोष्ट उलट्या दिशेने घडली. १८७८ च्या अबकारी कायद्याने मुंबई इलाख्यातील गावठी भट्ट्या मोडून गाळपाचा मक्ता मोठ्या ठेकेदारांकडे नेला. त्यापाठोपाठ १८९२ च्या मोह कायद्याने ठाणे-कुलाब्यात मोहाची फुले बाळगण्यावरच बंधने आली. ही फुले गरीब माणसे खात, गुरेही खात. सरकारला त्यांत केवळ चोरटी दारू दिसली. महसुलासाठी वैरणीचा कच्चा माल झाला. आमच्या मते या इलाख्याच्या मद्य-इतिहासातील हे सर्वांत बोलके प्रकरण आहे, आणि आपल्या ग्रामीण साहित्याच्या चर्चेत ते जवळजवळ येतच नाही.

पुढे साखर कारखान्यांबरोबर मळी आली. भारतीय व्हिस्कीतील पुष्कळसा मद्यार्क मळीचाच. पण त्याच्या सांडपाण्यात पोटॅशचे क्षार इतके की ते गुरांना फारसे चालत नाही. ते नद्यांना मात्र पाजले गेले.

२००७ मध्ये राज्य शासनाने ज्वारी, बाजरी, मका यांपासून मद्यार्क करणाऱ्यांना अनुदान जाहीर केले, तेव्हा डॉ. अभय बंग आदींनी विरोध केला. धान्य भट्टीत गेले तरी प्रथिने चोथ्यात उरतात, हे खरेच आहे: शंभर किलो मक्यातून साधारण तीस किलो कोरडा चोथा निघतो, आणि स्टार्च गेल्यामुळे त्यातील प्रथिनांचे प्रमाण जवळजवळ तिप्पट होते. पण ज्याच्या ताटातली भाकरी जाते तो आणि ज्याच्या गोठ्यात खुराक येतो तो एकच असेल, याची हमी कोण देणार? शिवाय मक्यावर बुरशी असेल, तर तिचे अफ्लाटॉक्सिन हे विषही त्याच पटीने चोथ्यात साठते.

अलीकडे इंधनाच्या इथेनॉलसाठी मका गाळला जाऊ लागल्यापासून हाच चोथा 'डीडीजीएस' या नावाने पशुखाद्याच्या बाजारात सोयापेंडीशी स्पर्धा करतो आहे. तो स्वस्त पडतो, म्हणून पेंडीची मागणी घटते, आणि सोयाबीनचा भाव लातूरच्या आडतीत पडतो.